लग्नाच्या आदल्या रात्री मूर्ती पावसात का ठेवतात? आयरिश शकुन-अपशकुन, सोप्या भाषेत

माझी मावसबहीण आयर्लंडमध्ये गॉलवेला नर्स आहे. मागच्या जूनमध्ये एका रात्री उशिरा ड्युटीवरून परत येताना तिला घरमालकीण आजींच्या अंगणात, कुंपणाखाली ओल्या मातीत, वीतभर उंचीची एक मूर्ती दिसली. बाळ येशूची. अंगात लाल झगा, डोक्यावर मुकुट, आणि मान कधीतरी तुटून परत चिकटवलेली. वरून पाऊस भुरभुरत होता. हिला वाटलं, खंडित मूर्ती आहे, कुणीतरी आणून ठेवली असेल, आपल्याकडे नाही का पिंपळाच्या पारावर ठेवून येतात तसं, पण दुसऱ्यांचा देव झाला म्हणून काय झालं, असा पावसात कसा ठेवायचा, म्हणून तिने ती उचलली, ओढणीने पुसली आणि आत शेकोटीच्या वरच्या फळीवर ठेवली. अर्ध्या तासाने आजी पाणी प्यायला उठल्या आणि मूर्ती बघून त्यांनी कपाळालाच हात लावला. सकाळी नातीचं लग्न होतं आणि मूर्ती मुद्दाम बाहेर ठेवली होती, पाऊस पडू नये म्हणून!

ही 'चाइल्ड ऑफ प्राग'. प्राग शहरातल्या चर्चमधल्या बाळ येशूच्या मूर्तीची नक्कल, जी आयर्लंडमध्ये घरोघरी असायची. लग्नाच्या आदल्या रात्री ती बाहेर ठेवली की उघडीप मिळते अशी समजूत. आणि मान तुटलेली असली तर अजून छान, फक्त ती आपणहून तुटलेली पाहिजे, मुद्दाम तोडलेली चालत नाही. आपल्याकडे खंडित मूर्तीचं विसर्जन, तिकडे खंडित मूर्तीला जास्त भाव!

बहिणीने फोनवर विचारलं, अगं, गुगलचं युरोपचं मुख्य ऑफिस ज्या देशात आहे तिथले लोक हे खरंच मानतात का. तेव्हापासून मी या विषयात जे वाचत गेले ते इथे सोपं करून सांगते.

एक शब्द शिकून घ्या: पिशोग

आयरिश भाषेत अशा समजुतीला पिशोग म्हणतात. शकुन, अपशकुन, तोडगा, उतारा, करणी, आपल्याकडे याला वेगवेगळे शब्द आहेत, तिकडे सगळं एकाच पोत्यात. आणि घोळ तिथेच होतो. पोत्यात एक वस्तू अशी असते जी चक्क बरोबर आहे, दुसरी निरुपद्रवी, आणि तिसरीने माणूस मेलेला असतो.

हे सगळं आपल्याला इतकं तपशीलात माहीत आहे कारण आयर्लंडच्या सरकारने १९३५ साली लोककथा आणि समजुती गोळा करायला एक आयोगच नेमला. १९३७ ते १९३९ या काळात जवळपास ५,००० प्राथमिक शाळांमधल्या वरच्या वर्गातल्या मुलांना काम दिलं, घरी जा, आजीआजोबांना आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा, आणि वहीत लिहून आणा. (आपल्याकडे असा प्रकल्प दिला असता तर रात्री अकरा वाजता आईनेच लिहून दिला असता, पण ते असो.) त्यातून सात लाखांवर पानं जमली, ती डब्लिनच्या विद्यापीठात जपून ठेवलीत आणि आता ऑनलाइन फुकट वाचता येतात. मुलांच्याच अक्षरात.

हवामानाच्या समजुती: यातल्या बऱ्याच खऱ्या आहेत

आयर्लंडच्या पश्चिम भागात वर्षातले सुमारे २२५ दिवस पावसाचे असतात, पूर्वेला सुमारे १५०. पाऊस मुसळधार नसतो, चिकट असतो, आपल्या श्रावणासारखा येतो-जातो. आणि तिथल्या शेतकऱ्याला दोन गोष्टींसाठी सलग काही कोरडे दिवस लागायचे, जनावरांचं गवत वाळवायला आणि पीट वाळवायला. पीट म्हणजे दलदलीतली काळी माती, विटांसारखी कापून वाळवली की सरपण होते. अंदाज चुकला की हिवाळाभर गाय उपाशी आणि चूल थंड. त्यामुळे लोक आभाळाकडे, डोंगराकडे, पक्ष्यांकडे, चुलीकडे बघत राहायचे आणि जे दिसलं ते म्हणीत बांधून ठेवायचे.

संध्याकाळी पश्चिम लाल झाली तर उद्या उघडीप, ही त्यातली एक. याचं कारण साधं आहे. तिथलं हवामान बहुतेक वेळा अटलांटिक समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून येतं. मावळतीचा प्रकाश लांबून लाल होऊन तुमच्यापर्यंत पोचतोय म्हणजे पश्चिमेला आभाळ मोकळं आहे, आणि उद्या तेच आभाळ तुमच्या डोक्यावर येणार. पुण्यातले लोक पावसाळ्यात सिंहगडाकडे काळोख झाला की दोरीवरचे कपडे काढतात, तेच हे. (आपल्या परतीच्या पावसाला मात्र हा नियम लावू नका, तो बऱ्याचदा पूर्वेकडून येतो.)

चंद्राला खळं पडलं की पाऊस, हेही दोन्हीकडे म्हणतात. खळं पडतं ते खूप उंचावरच्या पातळ ढगांतल्या बर्फाच्या कणांमुळे, आणि असे ढग बऱ्याचदा पावसाच्या ढगांच्या पुढे एक-दोन दिवस चालत असतात. वरातीआधी बँडवाले दिसावेत तसं. काजळी धुरांड्यातून खाली पडली तर पाऊस, कारण हवा दमट झाली की काजळी ओल धरते आणि जड होते.

पश्चिमेकडचं हवामान आधी आयर्लंडला कळतं, या गोष्टीने तर दुसऱ्या महायुद्धाची एक तारीख बदलली. जून १९४४ मध्ये मेयो परगण्यातल्या ब्लॅकसॉड इथल्या पोस्टात काम करणाऱ्या मॉरीन फ्लॅविन नावाच्या २१ वर्षांच्या मुलीने हवेचा दाब झपाट्याने उतरतोय अशी नोंद पाठवली, आणि फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरचा दोस्त राष्ट्रांचा हल्ला ५ जूनऐवजी ६ जूनला झाला. तिच्याकडे बॅरोमीटर होता हे खरं, पण बघण्याची दिशा म्हाताऱ्यांचीच.

सगळ्याच म्हणी अशा पक्क्या नाहीत. १५ जुलैला, सेंट स्विदिनच्या दिवशी पाऊस पडला तर ४० दिवस पडणार, हे म्हणजे आपल्या 'पडल्या मघा नाहीतर वरती बघा' च्या जातीचं, ऐकायला गोड पण पैज लावू नये. आणि एप्रिलच्या सुरुवातीच्या थंडीबद्दल तर नुसती गोष्टच आहे, की एक म्हातारी बांडी गाय मार्च संपला म्हणून मिरवत होती, मार्च काय माझं वाकडं करू शकला नाही म्हणाली, तर मार्चने चिडून एप्रिलकडून ३ दिवस उसने घेतले आणि तिला मारलीच. या दिवसांना अजून बांड्या गायीचे दिवस म्हणतात. यात भाकीत वगैरे काही नाही, स्वेटर इतक्यात पेटीत टाकू नका एवढंच.

एका वादळाची हकीकत मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ६ जानेवारी १८३९. आदल्या दिवशी बर्फ पडलेला, आणि त्या दिवशी अचानक विचित्र उकाडा आणि इतकी शांतता की लांबच्या घरातलं बोलणं ऐकू यावं. रात्री वादळ आलं ते असं की घरांची छपरं उडाली, धुरांडी कोसळली, कित्येक घरं पेटली आणि शेकडो माणसं मेली. लोक म्हणाले, या रात्री परीलोकातली सगळी माणसं देश सोडून गेली, तो त्यांच्या जाण्याचा वारा. आता गंमत बघा. १९०९ साली ब्रिटिश सरकारने सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन सुरू केली, पण आयर्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंदच १८६४ पासून सुरू झालेली, म्हणजे म्हाताऱ्यांकडे जन्मदाखला कुठून येणार. मग ऑफिसात विचारायचे, मोठ्या वाऱ्याची रात्र आठवते का? आठवते म्हणाला की धरा सत्तर. साहजिकच अख्ख्या देशाला ती रात्र एकदम लख्ख आठवायला लागली.

'परी' म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर जे येतं ते विसरा

परीलोक हा शब्द मी नाइलाजाने वापरला. पंख, चांदणीची काठी, गुलाबी फ्रॉक, यातलं काहीच आयर्लंडच्या खेड्यात नव्हतं. तिथली ही मंडळी माणसाएवढी, शेजाऱ्यासारखी राहणारी, गाईगुरं पाळणारी, आपसात मारामाऱ्या करणारी आणि डूख धरणारी. जमिनीखाली, जुन्या मातीच्या गोल टेकाडांत राहतात. त्या टेकाडाला आयरिशमध्ये शी म्हणतात. आपल्याकडे जवळचं काय म्हणाल तर कोकणातला राखणदार, गोव्यातला देवचार, विहिरीवरच्या साती आसरा. त्यांची जागा ओळखून वागायचं, वाटेत आडवं जायचं नाही.

आणि नाव घ्यायचं नाही. त्यांना 'भली माणसं' म्हणायचं. हे आपल्याला समजावून सांगायला नको. रात्री सापाला आपण 'लांबडं' म्हणतो, बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणतो, निघताना 'जाते' म्हटलं की आजी 'येते म्हण' म्हणून ओरडते.

नशीब म्हणजे बहुतेक वेळा लोणी

आयरिश नशीब म्हटलं की चार पानांचा तिपतिया आणि घोड्याची नाल दिसते, ते सगळं की-चेनवर छापायला ठीक. एकटा मॅगपाय पक्षी दिसला तर दुःख, दोन दिसले तर आनंद, ही समजूत तिकडे आता अगदी घरची वाटते, पण हा पक्षीच आयर्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला, वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर. म्हणजे 'पूर्वापार' या शब्दावर जरा जपूनच विश्वास ठेवावा.

खेड्यातलं खरं नशीब लोण्यात होतं. घरातलं दूध घरात संपायचं पण लोणी विकून भाडं भरायचं. एकोणिसाव्या शतकात कॉर्क शहरातला लोण्याचा बाजार जगातला सगळ्यात मोठा होता. भाडं थकलं तर जमीनदार घराबाहेर काढणार. आता अशा घरात एक दिवस घुसळून घुसळून लोणी येईना. आपल्याला माहितीये की साय फार गार असली किंवा फार गरम असली की लोणी धरत नाही, मग आपण थंड पाणी घालतो नाहीतर भांडं जरा कोमट करतो. पण थर्मामीटर नसलेल्या बाईला दिसतं काय? तिचं लोणी आलं नाही आणि शेजारणीचं आलं. म्हणजे माझं तिने नेलं.

१ मे हा यातला सगळ्यात धोक्याचा दिवस. तिकडे उन्हाळा तेव्हा सुरू होतो, गवत वाढतं, गाई भरपूर दूध देतात, वर्षाची कमाई तिथून सुरू. त्या दिवशी घरातून दूध, मीठ, विस्तव काही म्हणजे काही बाहेर द्यायचं नाही, आणि मागायला आली तिच्यावर संशय. तिन्हीसांजेला मीठ-दही न देणाऱ्या आपल्या घरांना हे लगेच कळेल. घुसळण चालू असताना कुणी घरात आलं तर त्याने रवीला हात लावून चार वेळा तरी घुसळलंच पाहिजे, 'देव तुमच्या कामाला बरकत देवो' म्हटलं पाहिजे. मला हा नियम फार हुशार वाटतो, कारण ज्याच्या नजरेची भीती आहे त्यालाच कामाला लावलंय.

याची वाईट बाजूही होती. शेजाऱ्याच्या गवताच्या गंजीत गुपचूप अंडी पुरून ठेवायची, ती जशी सडतील तसं त्याचं नशीब सडेल. अशी अंडी सापडली की लोक हात लावायचे नाहीत, आपण चौकातला उतारा ओलांडत नाही तसंच. जॉर्ज फॉस्टर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९६५ साली मेक्सिकोच्या खेड्यांबद्दल लिहिताना एक गोष्ट मांडली होती जी इथेही लागू पडते, की गरीब गावात लोकांना वाटतं सुखाची भाकरी एकच आहे, शेजाऱ्याने मोठा तुकडा घेतला म्हणजे माझा कमी झाला. जिथे कमाई खरोखरच वाढत नाही तिथे हा हिशोब तितकासा वेडगळही नाही.

मरणाच्या समजुती: घड्याळ बंद, खिडकी उघडी

घरात माणूस गेला की घड्याळ त्या मिनिटाला थांबवायचं. आरसे झाकायचे. खिडकी उघडायची, जीव बाहेर जावा म्हणून, आणि थोड्या वेळाने बंद करायची, परत येऊ नये म्हणून. मधमाश्या पाळलेल्या असतील तर पोळ्यापाशी जाऊन त्यांना सांगायचं की मालक गेला. आणि मृताला रात्रभर एकटं सोडायचं नाही. या रात्रीला इंग्रजीत वेक म्हणतात, म्हणजे सरळ आपला जागर. अख्खं गाव यायचं, चहा, तंबाखू, मातीच्या चिलमी, दारू, गोष्टी, पत्ते आणि दांडगे खेळसुद्धा, इतके की चर्च सतराव्या शतकापासून त्यावर बंदी घालत आलं आणि लोक ऐकत नाही आले. रुदालीसारख्या रडणाऱ्या बायकाही असायच्या, मृताची स्तुती गाणाऱ्या.

इथे एक फॉरवर्ड मध्ये घुसतो, म्हणून सांगते. जुन्या काळी शिशाच्या पेल्यातून दारू पिऊन माणसं बेशुद्ध पडायची, ती मेली की जिवंत हे बघायला लोक जागायचे म्हणून 'वेक', असा तो फॉरवर्ड. थाप आहे. शब्दाचा अर्थ मुळातच जागणं.

मग हे सगळं कशासाठी? माझं मत विचाराल तर, ज्या घरात काल माणूस गेलाय तिथे सगळ्यात भयंकर काय असतं, हातांना काम नसणं. घड्याळ कुणीतरी थांबवायचंय, आरसा कुणीतरी झाकायचाय, पोळ्यापाशी पोराला पाठवायचंय. आपल्याकडचे तेरा दिवस ज्यांनी घरात काढलेत त्यांना हे आतून माहीत असेल. आणि हे तिकडे संपलेलं नाही. २००५ साली निधनाच्या बातम्यांची एक वेबसाइट निघाली, आरआयपी डॉट आयई, लोक रोज सकाळी ती उघडून बघतात, आणि २०२४ साली तिथल्या एका मोठ्या वर्तमानपत्राच्या कंपनीने ती विकत घेतली. माझी बहीण सांगते, वॉर्डात एखादा पेशंट गेला की आयरिश नर्स अजूनही खिडकी जराशी उघडते, कुणी काही बोलत नाही.

मरणाआधी सूचना देणारीही एक आहे. बॅन्शी, म्हणजे शब्दशः टेकाडातली बाई. घराभोवती रात्री रडते, ती मारत नाही, फक्त कळवते, आणि तेही जुन्या घराण्यांनाच, नावात ओ किंवा मॅक असलेल्यांना, असं म्हणतात. केस विंचरत बसते, म्हणून वाटेत पडलेला कंगवा उचलायचा नाही. रात्री काय ऐकू यायचं याचा अंदाज बांधता येतो. गव्हाणी घुबडाचं आयरिश नावच मुळी 'स्मशानातली किंचाळणारी' असं आहे, आणि हिवाळ्यात कोल्ही ओरडते ते बाईच्या किंकाळीसारखंच. आपल्याकडे हे खातं टिटवीकडे आहे.

"म्हणजे निरुपद्रवी गंमतच ना सगळी?"

नाही. १८९५ साली टिपररी परगण्यात बॅलीवॅडली गावात ब्रिजेट क्लिअरी नावाची विशीतली बाई आजारी पडली. शिवणकाम करायची, स्वतःचं शिलाई मशीन होतं, कोंबड्या पाळून पैसे मिळवायची. ताप, खोकला. डॉक्टर उशिरा आला. तोवर नातेवाइकांत बोलणं सुरू झालेलं, ही ब्रिजेट नाहीच, खरीला टेकाडातल्यांनी पळवलंय आणि हिला जागेवर ठेवलंय. अशा बदली ठेवलेल्याला चेंजलिंग म्हणायचे. तिला जबरदस्तीने झाडपाला पाजला, विस्तवाजवळ धरलं, तू कोण ते सांग म्हणून विचारत राहिले. शेवटी १५ मार्चला नवऱ्याने, मायकेल क्लिअरीने, तिला जाळलं. खोलीत माणसं होती. तिचे नातेवाईक होते. त्यानंतर तो रात्री जवळच्या टेकाडापाशी जाऊन थांबायचा, खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून येईल म्हणून. त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल २० वर्षांची शिक्षा झाली, १५ वर्षं भोगून तो सुटला.

इथे आपल्याकडचा वाचक विचारेल की मग कौतुक कशाला, बंदी घाला. पण महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा नीट बघा, तोही कपाळावर हात मारून घेण्यासारख्या प्रत्येक समजुतीच्या मागे लागत नाही, मारहाण, छळ, फसवणूक, जीव धोक्यात घालणं याच्या मागे लागतो. कुंपणाखालची मूर्ती आणि ब्रिजेटची खोली यातला फरक तोच आहे. मूर्तीची किंमत ठेवणाराच मोजतो. ब्रिजेटच्या वेळी किंमत तिने मोजली, जिला कुणी विचारलंही नाही.

"पण झाडासाठी हायवेचा प्लॅन बदलला म्हणे?"

बदलला. १९९९ साली क्लेअर परगण्यात लाटून इथे नवीन रोडच्या वाटेत एक काटेरी झुडूप आलं, हॉथॉर्नचं. एडी लेनिहन नावाच्या कथेकऱ्याने वर्तमानपत्रात लिहिलं की हे साधं झुडूप नाही, मन्स्टरची, म्हणजे आयर्लंडच्या दक्षिण प्रांतातली, भली माणसं लढाईला जाताना इथे जमतात, तोडलंत तर रस्त्यावर अपघात होतील. जगभर बातमी झाली आणि इंजिनिअरांनी झुडूप ठेवून रोड नेला. २००२ साली कुणीतरी करवतीने त्याच्या फांद्या उडवल्या, तरी ते परत फुटलं. याच झाडाची फुलं घरात आणत नाहीत, मरण येतं म्हणतात, आणि त्या फुलांत खरोखरच असं एक रसायन असतं जे कुजायला लागलेल्या मांसातही तयार होतं. प्रेत दोन-तीन दिवस घरात ठेवणाऱ्या लोकांना तो वास ओळखीचा असणार.

२०१७ साली तर केरी परगण्यातल्या डॅनी हीली-रे नावाच्या खासदाराने रस्ता सारखा खचतो त्याचं खापर जाहीरपणे भल्या माणसांवर फोडलं. लोक हसले. पण ज्या गोल टेकाडांबद्दल ते बोलत होते ती खरी तर साधारण इसवी सन ५०० ते १००० मधल्या शेतकऱ्यांची घरं आहेत, गाईगुरांभोवती घातलेला मातीचा गोल बांध. अशी ४० हजारांच्या वर जागा अजून शिल्लक आहेत. इतक्या शतकांत नांगर फिरला नाही त्याचं मोठं कारण भीती. आपल्या देवराया कशा वाचल्या ते आठवा. पुरातत्त्व खात्याची पाटी लोक उपटून नेतात, टेकाडातल्या शेजाऱ्याला मात्र वचकून असतात.

तर मूर्ती ठेवून फायदा होतो का?

हिशोब करा. पूर्वेकडे ३६५ पैकी सुमारे १५० दिवस पाऊस, म्हणजे मूर्ती न ठेवताही पाचातली तीन लग्नं कोरडी जाणार. पश्चिमेला पाचातली दोन. ती दोन लग्नं घराण्यात वर्षानुवर्षं सांगितली जातात. बाकीच्या तिघांच्या फोटोत छत्र्या असतात आणि मूर्तीचा विषय कुणी काढत नाही.

आजींना माझ्या बहिणीने नंतर सरळ विचारलं, तुमचा विश्वास आहे का यावर. "छे गं," त्या म्हणाल्या, "असल्या गोष्टींवर कोण विश्वास ठेवतं." मूर्ती मात्र त्यांनी त्या रात्रीच परत कुंपणाखाली नेऊन ठेवली होती, तोंड चर्चकडे करून.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून लख्ख ऊन होतं. दुपारी चर्चमधून बाहेर पडताना मात्र एक सर आली, जेमतेम अर्धा तास. आजींनी बहिणीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अर्धाच तास आत ठेवली होतीस ना?"